घरची भुलाबाई: कच्च्या मातीची जोडी कशी घडवावी

भाद्रपद पौर्णिमेला आमच्याकडे भुलाबाई बसते आणि आश्विनातल्या कोजागिरी पौर्णिमेला तिची बोळवण होते. या महिनाभरात विदर्भातल्या गावोगावी मुली संध्याकाळी एकमेकींच्या घरी जमतात, भुलोजी आणि भुलाबाई यांच्यापुढे टाळ्या आणि टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि शेवटी बंद डबा वाजवून आतला खाऊ ओळखतात. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. सारीपाटात हरल्यावर रुसून निघून गेलेल्या शंकराला पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेऊन भुलवले, म्हणून ही नावे पडली, अशी कथा घरोघर सांगितली जाते. त्यामुळे ही मूर्ती सिंहासनावरच्या देवीसारखी करायची नसते. शेजारी शेजारी बसलेले नवरा-बायको आणि भुलाबाईच्या मांडीवर बाळ गणपती, एवढाच तिचा संसार असतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसजवळच्या गावात राहते आणि गेली अनेक वर्षे ही जोडी घरीच करते. बाजारात मिळणारी जोडी आता बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिसची आणि ऑइल पेंटने रंगवलेली असते. ती दिसायला गुळगुळीत असते, पण पाण्यात विरघळत नाही आणि कोजागिरीनंतर नदीकाठी किंवा पिंपळाच्या पारावर तुटक्या हातापायांनी पडून राहते. भुलाबाईचे सगळे रूप महिन्याभराच्या पाहुणीचे आहे. महालक्ष्म्यांचे, म्हणजे गौरींचे, मुखवटे आपण पिढ्यान्‌पिढ्या जपतो, म्हणून ते पितळेचे किंवा टिकाऊ केलेले असतात. भुलाबाई मात्र मातीतून येते आणि तिने मातीतच परत जायचे असते. खाली जे सांगितले आहे, मग ते माती निवडण्याचे असो, रंगाचे असो की लुगडे नेसवण्याचे, ते सगळे या एकाच गोष्टीवरून ठरवलेले आहे. जी वस्तू बादलीभर पाण्यात विरणार नाही किंवा मागाहून मातीत मिसळणार नाही ती मूर्तीच्या अंगात जाऊ द्यायची नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली सुधारलेल्या मूर्तिविसर्जनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही प्लास्टर टाळून नैसर्गिक माती आणि बिनविषारी रंग वापरण्यावरच भर आहे.

कामाला पोळा झाल्याबरोबर सुरुवात करावी. श्रावण अमावास्येच्या पोळ्यापासून भाद्रपद पौर्णिमेपर्यंत पंधरा दिवस मिळतात. मध्ये गणपती आणि महालक्ष्म्या येतात, तेव्हा घरातल्या बाईला श्वास घ्यायलाही फुरसत नसते. म्हणून घडवण्याचे काम पोळ्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत उरकावे आणि महालक्ष्म्यांची धावपळ चालू असताना मूर्तींना आपल्या आपण वाळू द्यावे. पौर्णिमेच्या चार दिवस आधी माती कालवायला बसणाऱ्या घरात भुलाबाई ओलीच पाटावर बसते आणि महिना पुरा होण्याआधी तिला बुरशी धरते.

माती

आपल्या शेतातली काळी कापसाची माती हाताशी असते, पण ती एकटी वापरू नये. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या हातभर खोल भेगा याच स्वभावामुळे पडतात आणि तशाच भेगा मूर्तीच्या पाठीवर पडतात. सगळ्यांत चांगली म्हणजे कुंभाराकडची माती. पोळ्यासाठी मातीचे बैल करण्याकरिता त्यांनी ती आधीच चाळून, तुडवून ठेवलेली असते. ती मिळाली नाही तर तळ्याचा किंवा नाल्याचा चिकट गाळ आणावा. शाडूची मातीही चालते. तिने चेहरा फार रेखीव येतो, पण ती विकत आणावी लागते आणि वाळल्यावर ठिसूळ असते, म्हणून लहान मुलींच्या हाती जाणाऱ्या मूर्तीसाठी मी ती एकटी वापरत नाही.

एक वीत उंचीची भुलाबाई, तेवढाच भुलोजी आणि बोटभर बाळ एवढ्यांसाठी सुमारे चार किलो ओली माती पुरते. माती भिजवायची असेल तर एक गोष्ट कुंभारवाड्यातल्या काकूंनी मला पहिल्या वर्षीच सांगितली होती: ‘बाई, माती पयले वायव, मंग भिजव.’ मला तेव्हा ते उलटे वाटले, कारण गाळ ओलाच आणला होता. पण अर्धवट ओल्या ढेकळात पाणी शिरायला जागा नसते आणि त्याचे गोळे तसेच राहतात; खडखडीत वाळलेले ढेकूळ मात्र पाण्यात टाकताच बुडबुडे सोडत आपोआप विरते. म्हणून माती उन्हात पूर्ण वाळवावी, कुटावी आणि मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाण्याखाली दोन दिवस ठेवावी. मग हाताने ढवळून जुन्या सुती लुगड्यातून गाळावी. खडे, मुळ्या, काडीकचरा सगळा वर राहतो. गाळलेला चिखल त्याच कापडात बांधून वळचणीला टांगला की रात्रभरात पाणी निथळते.

आता या मातीत दोन गोष्टी मिसळायच्या असतात. तीन ओंजळी मातीला एक ओंजळ बारीक चाळलेली नदीची वाळू घालावी, म्हणजे माती कमी आकसते. आणि एक मूठ कापूस, सरकी काढून, बोटांनी अगदी विरळ पिंजून, थोडा थोडा करून मळताना सोडावा. कापसाचे तंतू मातीला आतून धरून ठेवतात आणि बारीक भेग पुढे पसरू देत नाहीत. कापूस एकदम टाकला तर त्याच्या गाठी होतात आणि नेमक्या नाकाच्या शेंड्यावर येतात, म्हणून इथे घाई करू नये. पोळीची कणीक मळतो त्यापेक्षा घट्ट आणि निदान अर्धा तास मळावी.

मळलेल्या मातीची बोटाएवढी वळी करून ती आपल्या बोटाभोवती गुंडाळावी. ती बाहेरच्या बाजूने फाटली तर माती रुक्ष आहे. थोडी चिकट माती वाढवावी. न फाटता गुंडाळली गेली तर दुसरी परीक्षा घ्यावी: मातीची एक चपटी वडी करून तिच्यावर काट्याने बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ ओढावी आणि वडी सावलीत वाळवावी. वाळल्यावर रेघ नऊ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर माती फार आकसते असे समजावे आणि वाळू वाढवावी. या परीक्षेत दोन-तीन दिवस जातात आणि पहिल्या वर्षी ती टाळावीशी वाटते. मी ती टाळली होती. ऐन गौरी आवाहनाच्या दिवशी भुलोजीच्या खांद्यापासून कमरेपर्यंत भेग गेली आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून घडवावे लागले. एकदा आपल्या गावची माती कळली की पुढच्या वर्षी ही परीक्षा घ्यावी लागत नाही.

घडवण

लाकडी फळीवर चुलीच्या राखेचा थर पसरावा आणि त्यावर मूर्ती घडवावी. माती आकसताना मूर्तीचा तळही आत सरकत असतो. फळीला तो चिकटला तर सरकू शकत नाही आणि तळापासून फाटत जातो, पण राखेवर तो सहज सरकतो.

भुलाबाईचे धड म्हणजे एक शंकू. खाली वितीच्या निम्म्याहून थोडी जास्त रुंदी, वर खांद्यांशी निमुळता. मांडी घातलेली दाखवायची असल्याने खालचा भाग पुढे थोडा पसरावा आणि अंगठ्याने दाबून दोन गुडघे उठवावेत. पाय वेगळे करू नयेत, लुगड्याखाली ते दिसतच नाहीत. धडाच्या आत आधार म्हणून तुराटी किंवा पराटी, म्हणजे तुरीची किंवा कपाशीची वाळकी काडी, खोचण्याची पद्धत काही घरांत आहे आणि मीही ती अनेक वर्षे पाळली. पण काडी आकसत नाही आणि तिच्याभोवतालची माती आकसते, त्यामुळे काडीच्या रेषेवरच माती उकलते. एवढ्या लहान मूर्तीला काडीची गरज नाही. फक्त मानेत एक बारीक काडी, कापूस गुंडाळून, घालावी. कापूस दबतो आणि मातीला आकसायला जागा मिळते.

हात, डोके आणि बाळ वेगवेगळे करून जोडावे लागतात, आणि बहुतेक मूर्ती मोडतात त्या सांध्यांवर. दोन्ही बाजूंना बाभळीच्या काट्याने उभ्या-आडव्या रेघा ओढाव्यात, त्याच मातीची दाट राब, म्हणजे पाण्यात कालवलेला चिखल, लावावी, दाबून बसवावे आणि सांध्यावरून ओले बोट दोन्ही अंगांनी फिरवून रेघ पूर्ण मिटवावी. नुसते पाणी लावून चिकटवलेला हात वाळल्यावर गळून पडतो. भुलाबाईचा डावा हात बाळाभोवती आणि उजवा गुडघ्यावर ठेवला तर दोन्ही हात धडाला टेकलेले राहतात आणि मोडण्याची भीती राहत नाही. हवेत उगारलेला आशीर्वादाचा हात कच्च्या मातीत महिनाभर टिकत नाही.

चेहऱ्यासाठी लिंबाएवढा गोळा घ्यावा. नाक वेगळे चिकटवू नये. गोळ्याच्या मध्यावर मातीच चिमटीत धरून वर ओढावी. असे ओढलेले नाक डोक्याच्याच मातीचे असते, म्हणून ते कधी पडत नाही, आणि आमच्या भागातल्या जुन्या भुलाबायांचा तो ठेंगणा, चिमटा घेतल्यासारखा नाकाचा शेंडा त्यातूनच येतो. मला तो साच्यातल्या नाकापेक्षा फार आवडतो. डोळ्यांची जागा चेहऱ्याच्या बरोबर निम्म्यावर असते; हाताला सवय नसली की डोळे कपाळाकडे सरकतात आणि चेहरा लहान मुलीऐवजी घाबरलेल्या माणसासारखा दिसतो. आधी काट्याने निम्म्यावर एक पुसट आडवी रेघ ओढावी, तिच्यावर दोन अंगठ्यांनी हलकेच खळगे करावेत आणि त्यांत मसुराएवढे मातीचे दाणे बसवावेत. ओठ कोरायचे नाहीत. नाकाखाली नखाची एक अर्धी कोर दाबली की पुरते, आणि तिची टोके किंचित वर गेली की भुलाबाई हसते.

हे काम मी घरातल्या मुलीला करू देते. तिच्या नखाची कोर लहान असते, त्यामुळे ओठ बेताचे येतात, आणि पुढे महिनाभर गाणी म्हणताना आपल्या हाताने हसवलेल्या भुलाबाईसमोर बसण्याचा तिचा आनंद वेगळाच असतो. भुलोजीला मिशा आणि फेटा हवाच. फेट्यासाठी मातीच्या लांब वळ्या करून, पीळ देऊन डोक्याभोवती गुंडाळाव्यात आणि एक टोक खांद्यावर सोडावे. बाळ गणपतीची सोंड पोटाला चिकटलेलीच ठेवावी.

दुसऱ्या दिवशी माती हाताला चिकटेनाशी झाली, पण अजून चमच्याने खरवडता येते, अशा वेळी मूर्ती उचलून मऊ कापडावर आडवी करावी आणि तळाकडून आतली माती चमच्याने कोरून काढावी. अंगठ्याच्या जाडीएवढी भिंत ठेवावी. भरीव मूर्तीचे अंग बाहेरून वाळून आकसते, आतला गाभा मात्र ओलाच असतो, आणि मग बाहेरची साल फाटते. कोरलेली मूर्ती दोन्हीकडून सारखी वाळते आणि पाटावरून उचलायलाही हलकी होते.

वाळवण आणि डागडुजी

भाद्रपदात हवा दमट असते, आणि त्याचा इथे फायदाच होतो, कारण सावकाश वाळणे हेच मातीला हवे असते. पहिले तीन दिवस मूर्तींवर पिळून काढलेले ओले सुती कापड सैल टाकून ठेवावे, विशेषतः हात, कान आणि फेट्याचे टोक यांवर, कारण बारीक भाग आधी वाळतात आणि जाड भागापासून तुटतात. नंतर कापड काढून माजघरात, वारा थेट लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे आणि रोज थोडे फिरवावे. सहाव्या-सातव्या दिवसानंतर सकाळचे कोवळे ऊन दाखवायला हरकत नाही. चुलीजवळ किंवा पंख्याखाली ठेवून घाई करू नये. मूर्ती वाळली की नाही हे पाहण्यासाठी ती गालाला लावावी. गार लागली तर आत अजून ओल आहे. पूर्ण वाळलेली माती फिकट दिसते, गार लागत नाही आणि नखाने टिचकी मारली तर कोरडा आवाज देते.

इतके करूनही एखादी भेग पडतेच. तिच्यात ओली माती भरू नये, कारण तीही आकसून दुसऱ्या दिवशी बाहेर येते. त्याच मातीची वाळलेली वडी कुटून वस्त्रगाळ पूड करावी, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती दाट कालवावी, त्यात चिमूटभर पिंजलेला कापूस घालावा, भेग फक्त ओलसर करावी आणि ही लुकण काडीने आत दाबावी.

रंग

बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक रात्रभर भिजवून गाळून घेतला की रंग धरून ठेवायला ते पाणी पुरते. चिंचोक्यांची खळ त्याहूनही चांगली असते, पण चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून शिजवावे लागतात आणि ती दोन दिवसांत आंबते.

आधी भिंतीला लावतात ती पांढरी माती डिंकाच्या पाण्यात कालवून तिचे दोन पातळ हात द्यावेत. इथे चुना वापरू नये, आणि त्याचे कारण प्रत्येकीला स्वयंपाकघरातून ठाऊक आहे: हळदीला चुना लागला की ती लाल होते, आपले कुंकूही असेच होते. चुन्याच्या हातावर हळदीचा गोरा चेहरा रंगवायला घेतला तर भुलाबाई डोळ्यांदेखत लालबुंद होते. पांढऱ्या मातीवर मात्र हळद स्वच्छ पिवळी उमटते. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद मिळाली तर तिचा रंग गडद आणि सुंदर येतो. हळदीचा रंग उजेडाने उडतो, म्हणून मूर्ती खिडकीसमोर मांडू नये. फेट्याला आणि लुगड्याच्या काठाला गेरू घ्यावा. तो मातीचाच रंग असल्याने वर्षानुवर्षे फिका पडत नाही. होळीच्या दिवसांत वेचून वाळवलेली पळसाची फुले घरात असतील तर ती उकळून, पाणी अर्धे आटवून, पिवळसर केशरी रंग मिळतो आणि तो भुलोजीच्या अंगरख्याला शोभतो. काळ्यासाठी दिव्याची कोरडी काजळी घ्यावी. ती पाण्यात कालवली तर वर तरंगत राहते, म्हणून आधी दाट डिंकात बोटाने घोटावी आणि मग पाण्याचे थेंब घालावेत.

शेंदूर वापरू नये. बाजारातला शेंदूर बहुधा शिशाचा असतो, शिसे विषारी आहे, आणि या मूर्ती रोज मुलींच्या हातांत असतात. त्याच हातांनी त्या नंतर खाऊ खातात. कपाळाला हळदीचे घरचे कुंकू लावावे.

बुबुळे सर्वांत शेवटी काढावीत. त्यासाठी ब्रश नको. कापूस गुंडाळलेली काडीही जाड पडते. खराट्याची एक काडी टोकाशी चावून तिचे तंतू मोकळे केले की हवी तशी बारीक कुंचली मिळते. भुलाबाईची बुबुळे किंचित भुलोजीकडे आणि भुलोजीची किंचित तिच्याकडे वळवावीत. रुसून गेलेला नवरा परत आला आहे, हे त्या दोन ठिपक्यांनी सांगितले जाते.

लुगडे, दागिने आणि मखर

जुन्या सुती लुगड्याचा काठासकट हातभर तुकडा भुलाबाईला पुरतो. तो चिकटवू नये. पाठीमागे दोऱ्याची एक सैल गाठ मारावी, म्हणजे बोळवणीच्या दिवशी सोडून घेता येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा नेसवता येतो. काळी पोत, मंगळसूत्र, भुलोजीच्या उपरण्याची जर हेही तसेच. ज्वारीचे दाणे दोऱ्यात ओवून हार करावा, कापसाचे वस्त्र घालावे. दागिन्यांसाठी लाल-काळ्या गुंजा वापरायची पद्धत दिसते. त्या दिसतात मोहक, पण गुंजेचे बी चावून पोटात गेले तर जिवावर बेतू शकते. घरात लहान मूल असेल तर गुंज आणूच नये.

पाट भिंतीपासून वीतभर पुढे मांडावा, कारण पावसाळ्याच्या शेवटी मातीच्या भिंती ओल सोडतात आणि कच्ची मूर्ती ती ओढून घेते. दिवा आणि खिरापतीचा डबा मूर्तीपासून हातभर दूर ठेवावा, नाहीतर मुंग्या आणि उंदीर तिथेच येतात.

कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचे मखर करतात. कणसांसकट धांडे आणून त्यांची वरची टोके एकत्र बांधावीत, खालची टोके पाटाभोवती पसरून विटांनी दाबावीत आणि कणसे मूर्तींवर झुकू द्यावीत. पूर्वी हे धांडे बांधावरून सहज मिळत. आता आमच्या शिवारात जिकडे तिकडे सोयाबीन आणि कपाशी आहे आणि पाच धांड्यांसाठी चार शेते विचारत फिरावे लागते. म्हणून मी पावसाळ्याच्या तोंडी परसात, विहिरीच्या सांडपाण्याजवळ, मूठभर ज्वारी टाकते. पाखरांपासून वाचवण्यासाठी कणसांवर जुन्या कापडाच्या पिशव्या बांधाव्या लागतात, पण पाच धांडे मिळतात.

बोळवण

रात्री गाणी, खिरापत आणि दूध झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडी, पोत, दोरे सगळे उतरवावे आणि मानेतली काडी सोडून मूर्तीत काही राहिले नाही हे पाहावे. नदीवर जाण्याची गरज नाही. आमच्या अरुणावतीला तेव्हा पाणी असते, तरी मी घंगाळातच विसर्जन करते. पूर्ण वाळलेली कच्ची माती पाण्यात बसताच बुडबुडे सोडू लागते, आधी फेट्याचे टोक विरते, मग खांदे, आणि बहुधा दुपारच्या जेवणापर्यंत तळाशी मऊ गाळ उरतो. वर तरंगणारा कापूस आणि काडी काढून घ्यावी. वरचे रंगीत पाणी तुळशीच्या बुडाशी ओतावे. गाळ वाळवून, त्याच्या वड्या करून मडक्यात ठेवाव्यात आणि पुढच्या पोळ्यानंतर नवी माती भिजत घालताना त्या तिच्यात टाकाव्यात.